आईचे दात, बाळाचे दात
• दुधाचे 20 दात आईच्या पोटातच घडू लागतात. सुरुवात साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात.
• दात किडवणारे 'स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स' जंतू बहुधा आईच्या लाळेतून बाळाकडे जातात. म्हणून उष्टा चमचा नको.
• गरोदरपणी किडलेले दात भरून घ्यावेत. चौथा ते सहावा महिना सोयीचा. थंडीतली तीळ-गुळाची गजक दातांना चिकटते. खाल्ल्यावर चूळ भरावी.
• दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये.
• पहिला दात दिसताच तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट लावावी. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंततपासणी करावी.
• सरकारी रुग्णालयांत दरमहा 9 तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी असते. तेव्हा दातांचेही विचारावे.