कळसूच्या मागून

महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्यावर पहिलं पाऊल कुणाचं, असं अकोले तालुक्यात विचारलं तर उत्तर लगेच मिळतं: कळसूचं. १६४६ मीटर उंचीचा तो डोंगर तिच्याच नावाने ओळखला जातो.

कळसू ही कोळ्यांची पोर, रानात भटकायची ओढ असलेली. फिरत फिरत ती पायथ्याच्या इंदोऱ्याला आली आणि एका घरी कामाला राहिली. अट घातली की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग घरातल्या कुणीतरी नेमकी हीच दोन कामं सांगितली. तिने ती निमूट केली, हात धुतले आणि डोंगर चढून गेली ती मरेपर्यंत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये ही हकीकत नोंदलेली आहे. तिला तारीख नाही, साक्षीदार नाही, ती दंतकथाच. पण चढणाऱ्याने का चढावं, याचं एवढं सरळ कारण मला गिर्यारोहणाच्या इतिहासात क्वचितच सापडलं.

युरोपात ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा आणि मिशेल पाकार माँ ब्लाँच्या शिखरावर पोहोचले. पहिल्या चढाईची नोंद ठेवायची रीत आल्प्समध्ये त्यानंतर रुजत गेली. त्याच शिखरावर १८०८ मध्ये पोहोचलेली पहिली स्त्री, मारी पारादी, शामोनी गावातली मोलकरीण होती. घरकाम करणाऱ्या या दोघींची नावं शेजारी ठेवली की मला फार बरं वाटतं. आपल्या सर्वोच्च माथ्याला मोलकरणीचं नाव मिळालं. जगातल्या सर्वोच्च शिखराला मात्र १८६५ मध्ये एका निवृत्त सर्वेक्षण अधिकाऱ्याचं.

कळसूनंतर वाट चालती ठेवली ती पूजेने. माथ्यावरच्या छोट्या देवळात मंगळवारी पुजारी जातो, नवरात्रात जत्रा भरते. नंतर अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसल्या आणि बारी गावातून म्हातारी माणसंही दर्शनाला जाऊ लागली.

सगळ्याच वाटांचं असं भलं झालं नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी या भागातल्या गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अकोले-इगतपुरीच्या शिवेवरच्या अलंग आणि मदनवर आजही दोराशिवाय जाता येत नाही. डोंगर ओळखणारी माणसं राज्यकर्त्यांना नकोच होती. त्यांच्याशी लढलेल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी दिलं.

मग विसाव्या शतकात मुंबई-पुण्याचे गिर्यारोहक आले. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार ही संस्था सुरू झाली होती. पुढच्या दशकांत दोर, खिळे आणि शिरस्त्राणं घेऊन माणसं सह्याद्रीच्या कड्यांना भिडू लागली. साम्रदची सांदण दरी भटक्यांपर्यंत पोहोचवण्याचं श्रेय अरुण सावंत यांना दिलं जातं. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोराने उतरण्याच्या मोहिमेत त्यांचा मृत्यू झाला. या माणसांचं धाडस खरं होतं, आणि त्यांच्यामुळे हजारो तरुणांना डोंगर कळला.

तरीही त्यांच्या ‘पहिल्या’ वाटांपैकी कितीतरी गावकऱ्यांच्या पायाखालच्या होत्या. सांदणीतून पाणी कुठून वाहतं, कोणत्या नाळेतून कोकणात उतरता येतं, हे गुराख्यांना ठाऊक होतं. कातळभिंतीवरचा नवा मार्ग जो पहिल्यांदा चढला त्याचं नाव त्या मार्गाला जरूर लागावं. पण वाट दाखवणारा ‘स्थानिक वाटाड्या’ एवढ्याच शब्दांत संपू नये. आज आंबेवाडीची पोरं मदनच्या कड्यावर आधी चढतात, दोर बांधतात आणि मग पाहुणे त्या दोरावर वर येतात. मोहिमेच्या अहवालात त्या पोरांची नावं लिहा, आणि पहिल्या ओळीत लिहा.