युरोपातील किफायतशीर आणि पूर्ण-सेवा विमानकंपन्या

युरोप खंडांतर्गत प्रवासी विमानवाहतूक ढोबळमानाने दोन प्रकारच्या कंपन्या करतात. किफायतशीर विमानकंपन्या (लो-कॉस्ट) केवळ आसनाचे भाडे आकारतात आणि सामान, आसननिवड, खाद्यपदार्थ इत्यादी प्रत्येक सोयीचे शुल्क वेगळे घेतात. रायनएअर, ईझीजेट, विझ एअर ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. पूर्ण-सेवा विमानकंपन्या यांपैकी काही सोयी भाड्यात समाविष्ट करतात व एका तिकिटावर जोडउड्डाणे उपलब्ध करून देतात. लुफ्तान्सा, एअर फ्रान्स, के.एल.एम., ब्रिटिश एअरवेज या कंपन्या या प्रकारात मोडतात.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकापर्यंत युरोपातील विमानमार्ग, फेऱ्यांची संख्या आणि भाडे हे दोन देशांच्या सरकारांमधील करारांनुसार ठरत असे. युरोपीय समुदायाने १९८७, १९९० आणि १९९२ अशा तीन टप्प्यांत ही बंधने शिथिल केली. तिसरा टप्पा १ जानेवारी १९९३ पासून अमलात आला. एप्रिल १९९७ पासून एका सदस्य देशाच्या कंपनीस दुसऱ्या सदस्य देशातील देशांतर्गत मार्गावरही उड्डाण करण्याची पूर्ण मुभा मिळाली.

आयर्लंडमधील रायनएअरने १९८५ साली वॉटरफर्ड–लंडन (गॅटविक) मार्गावर सेवा सुरू केली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिने अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सची कार्यपद्धती स्वीकारली. स्टेलियोस हाजी-इओआनू यांनी स्थापन केलेल्या ईझीजेटची उड्डाणे नोव्हेंबर १९९५ मध्ये लंडनजवळील लूटन येथून सुरू झाली. हंगेरीच्या विझ एअरने मे २००४ मध्ये, म्हणजे पूर्व युरोपातील अनेक देश युरोपीय संघात सामील झाले त्याच महिन्यात, पहिले उड्डाण केले.

भाडे कमी असण्याची कारणे

किफायतशीर कंपन्या सहसा एकाच जातीची विमाने वापरतात. रायनएअरच्या ताफ्यात मुख्यतः बोइंग ७३७, तर ईझीजेट व विझ एअरकडे एअरबस ए३२० कुळातील विमाने आहेत. त्यामुळे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि देखभाल यांवरील खर्च घटतो. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ शक्य तितका कमी, काही वेळा सुमारे २५ मिनिटे, ठेवला जातो. परिणामी तेच विमान दिवसभरात अधिक फेऱ्या करते. याखेरीज दुय्यम विमानतळांचा वापर आणि तिकिटांची थेट विक्री यांमुळेही बचत होते.

ही बचत सुरक्षिततेत काटछाट करून साधलेली नसते. युरोपीय संघात परवाना मिळालेल्या सर्व कंपन्यांना तांत्रिक सुरक्षेचे समान नियम लागू आहेत.

भाड्याची तुलना

केवळ मूळ भाड्यांची तुलना दिशाभूल करणारी ठरू शकते. पुढील आकडे काल्पनिक असून केवळ पद्धत स्पष्ट करण्यासाठी दिले आहेत. किफायतशीर कंपनीचे भाडे २५ युरो, मोठ्या बॅगेचे शुल्क ४० युरो, आसननिवड ८ युरो आणि विमानतळापासून शहरापर्यंतची बस १७ युरो असल्यास एकूण खर्च ९० युरो होतो. पूर्ण-सेवा कंपनीचे बॅगेसह भाडे ८० युरो आणि शहरापर्यंतची रेल्वे १२ युरो असल्यास एकूण खर्च ९२ युरो होतो. येथे फरक जवळजवळ नाहीसा झाला. मात्र केवळ आसनाखाली मावणारी लहान पिशवी घेऊन जाणाऱ्यास पहिला पर्याय ४२ युरोंत पडतो.

दोन्ही प्रकारांतील सीमारेषा अलीकडे पुसट झाली आहे. अनेक पूर्ण-सेवा कंपन्याही युरोपांतर्गत मार्गांवर केवळ हातसामानाची मुभा देणारे स्वस्त तिकीट विकतात आणि जेवणाचे पैसे वेगळे घेतात. व्ह्युएलिंग, युरोविंग्ज आणि ट्रान्सेव्हिया या किफायतशीर कंपन्या तर अनुक्रमे ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा आणि एअर फ्रान्स–के.एल.एम. यांच्याच समूहांतील आहेत.

विमानतळाचे अंतर

तिकिटावरील शहराचे नाव आणि विमानतळाचे प्रत्यक्ष स्थान यांत बरेच अंतर असू शकते. पॅरिसच्या नावाने ओळखला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर, तर फ्रांकफुर्ट-हान हा फ्रांकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. पहाटेच्या किंवा रात्री उशिराच्या उड्डाणास सार्वजनिक वाहन मिळाले नाही, तर टॅक्सीचा खर्च भाड्याहून अधिक होऊ शकतो.

जोडउड्डाणे

एकाच तिकिटावरील प्रवासात पहिल्या उड्डाणाच्या विलंबामुळे पुढचे चुकल्यास पर्यायी उड्डाण देण्याची जबाबदारी कंपनीवर असते. सामानही बहुधा थेट अंतिम ठिकाणी पोहोचते. दोन स्वतंत्र तिकिटे काढल्यास ही जबाबदारी प्रवाशाची राहते. सामान घेऊन, देशात प्रवेश करून, पुन्हा चेक-इन करावे लागते.

भारतीय पारपत्रधारकांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटन व आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाहीत. त्यामुळे लंडन किंवा डब्लिन येथे स्वतंत्र तिकिटांवर विमान बदलताना त्या देशाच्या व्हिसाची आवश्यकता भासू शकते. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असल्यास त्या क्षेत्राबाहेर पडून पुन्हा आत येता येत नाही. काही किफायतशीर कंपन्या युरोपीय संघाबाहेरील नागरिकांना सुरक्षा तपासणीपूर्वी कागदपत्रांची पडताळणी करून घेण्यास सांगतात.

प्रवाशांचे हक्क

युरोपीय संघाची २६१/२००४ ही नियमावली फेब्रुवारी २००५ पासून लागू असून ती दोन्ही प्रकारच्या कंपन्यांना सारखीच बंधनकारक आहे. उड्डाण ऐनवेळी रद्द झाल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाईची तरतूद तीत आहे. युरोपीय न्यायालयाच्या २००९ मधील निकालानुसार तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचल्यासही भरपाई मिळते. वादळासारख्या असाधारण परिस्थितीत भरपाई देय नसते, परंतु खानपान आणि गरजेनुसार निवास यांची व्यवस्था करावीच लागते. भरपाईचा तिकिटाच्या किमतीशी संबंध नसल्याने २५ युरोंच्या तिकिटावरही ती पूर्ण मिळते.

ही नियमावली युरोपीय संघातून निघणाऱ्या सर्व उड्डाणांना लागू होते. बाहेरून येणाऱ्या उड्डाणांपैकी मात्र केवळ युरोपीय कंपन्यांची उड्डाणे तिच्या कक्षेत येतात. म्हणून मुंबईहून फ्रांकफुर्टला लुफ्तान्साने जाणाऱ्यास हे संरक्षण मिळते, भारतीय कंपनीने जाणाऱ्यास मिळत नाही.

१००८/२००८ या नियमावलीनुसार कर व अपरिहार्य शुल्कांसह अंतिम भाडे आरंभापासून दाखवणे बंधनकारक आहे. ऐच्छिक सेवा आधीच निवडलेल्या अवस्थेत ठेवता येत नाहीत.

निवडीचे निकष

थेट उड्डाण, थोडे सामान आणि निश्चित कार्यक्रम असल्यास किफायतशीर कंपनी सामान्यतः फायद्याची ठरते. जोडप्रवास, जास्त सामान, सोबत लहान मुले वा वृद्ध, किंवा परतीचे आंतरखंडीय विमान त्याच दिवशी पकडायचे असल्यास एका तिकिटावरील पूर्ण-सेवा प्रवास अधिक सुरक्षित असतो. तुलना करताना घरापासून मुक्कामापर्यंतचा एकूण खर्च, लागणारा वेळ आणि उड्डाण चुकल्यास होणारे नुकसान या तिन्हींचा विचार करावा लागतो.