सुखनेतले खेकडे संपले तर लवकर परत येत नाहीत

मुंबई-ठाण्याच्या खाडीत तिवरांच्या चिखलातले खेकडे घाण पाण्यानं मेले, तरी भरतीसोबत दुसरीकडची बारीक पिल्लं येतात. आपल्या गारखेड्याच्या सुखनेत तसं होत नाही. गोड्या पाण्यातली मादी अंडी पोटाखाली धरते, त्यातून थेट छोटे खेकडेच निघतात आणि जवळपासच राहतात. त्यामुळं शहराच्या सांडपाण्यानं एका पट्ट्यातले मेले, की ती जागा भरायला फार वेळ लागतो.

म्हणून खेकडा धरला की उलटा करून बघा. पोटावरची झाकणी रुंद असेल तर मादी, अरुंद असेल तर नर. झाकणीखाली अंडी किंवा पिल्लं दिसली तर तिला सोडून द्या. पाण्याला फेस, वास असेल तर तिथले खेकडे खाऊ नका, ग्रामपंचायतीला कळवा.