काटा म्हणजे नेमकं काय?

काल शिंदखेड्याजवळ बांधावरून चालताना बाभळीचा काटा चपलेतून थेट टाचेत. दुसऱ्या काट्यानंच तो काढला आणि हातातल्या फांदीकडे नीट बघितलं.

बाभळीचे काटे जोडीनं येतात, पानाच्या देठाशी. देठाच्या बुडाशी जी दोन छोटी उपपर्णं असतात, तीच इथे काटे बनतात. झाड लहान असताना ते लांब आणि भरपूर. शेंडा शेळीच्या तोंडापलीकडे गेलेल्या जुन्या झाडावर बरेचदा काटे दिसतच नाहीत!

बोरीचेही काटे उपपर्णांचेच. पण जोडीतला एक सरळ, दुसरा आकड्यासारखा वाकडा. म्हणून बोरं तोडताना हात आत सहज जातो, बाहेर येताना ओरबाडतो.

निवडुंगात पानांचेच काटे झालेत, लिंबात फांदीचे. गुलाबाचा काटा फक्त सालीचा, म्हणून बोटानं ढकलला की टपकन तुटतो.

प्राण्यांत आपलं साळिंदर. त्याचा काटा म्हणजे जाड, टणक झालेला केस. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचाच. साळिंदर काटे फेकून मारतं, हे खोटं. ते आधी शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवून इशारा देतं, मग उलटं धावून येतं. सैल बसलेले काटे शत्रूच्या अंगात रुततात. बिबट्यालाही ते महागात पडतं.

आणि शेळी? ती ओठांनी काटे चुकवत पाला खातेच!

तुमच्या बांधावर कोणती काटेरी झाडं आहेत? फोटो टाका, काही शंका असेल तर विचारा.