डी ड्राइव्ह कुठं गेला?

‘डीला सेव्ह कर, सीला नको.’ बीडपासून अंबाजोगाईपर्यंत कुठल्याही झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातला हा अलिखित नियम. विंडोज बिघडलं की मेकॅनिक फॉरमॅट मारतो तो सीला. सातबाऱ्याचे स्कॅन आणि लग्नपत्रिकांचे मजकूर डीमध्ये सुखरूप राहतात.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या सपोर्टची नियमित मुदत संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते. मग कुणी लिनक्स सिस्टिम टाकतो, मिंट किंवा उबुंटू. आणि डी गायब!

खरं तर सगळी डिस्क पुसली नसेल, तर गेलेलं काहीच नसतं. डी हे अक्षर म्हणजे विंडोजने दारावर लावलेली पाटी. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीतल्या १० एमबी हार्ड डिस्कला सी मिळालं. फ्लॉप्या भंगारात गेल्या, मोजणी मात्र अजून सीपासूनच.

लिनक्समध्ये या पाट्याच नाहीत. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फुटांच्या सलग कापडावर लिहिलेलं वेदान्तातलं पंचीकरण. लिनक्सचा कारभार तसाच एका पटावरचा. नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला, की त्याच पटाला जोड शिवायचा. यालाच माउंट करणं म्हणतात. जुना डी फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत किंवा ‘अदर लोकेशन्स’मध्ये ‘२५० जीबी व्हॉल्यूम’ अशा परक्या नावाने बसलेला असतो. क्लिक केलं की उघडतो. सी पुसला नसेल, तर जुना डेस्कटॉप त्यातल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये सापडतो.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील, तर ड्राइव्ह कधी उघडतच नाही, कधी उघडूनही त्यात काही लिहू देत नाही. कारण विंडोज पुरतं बंद झालेलं नसतं; अर्धवट झोपलेलं असतं. शिफ्ट दाबून शटडाउन केलं की काम होतं. ड्राइव्हला विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप असेल, तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते.

फाइल सापडली तरी टायपिंगवाल्याची परीक्षा संपत नाही. कृतिदेव फॉन्टमधला मजकूर उघडावा, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! फाइल शाबूत असते, फॉन्ट मागे राहिलेला असतो. तो जुन्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून आणून बसवला, की पत्रिका पुन्हा वाचता येते.

लिनक्स टाकण्याआधी बॅकअप घ्यावाच. शिवाय विंडोजमध्ये असतानाच डीवर राइट क्लिक करून ‘रिनेम’ करावं, ‘दुकान’ असं साधं नाव द्यावं. अक्षर बदलतं, हे नाव डिस्कवरच लिहिलं जातं आणि लिनक्सलाही दिसतं.