कॅसेटवरची कुस्ती

दूरचित्रवाणीवर लागणाऱ्या व्यावसायिक कुस्त्या लोकांनी घरच्या व्हीसीआरवर भरून ठेवल्या, त्या व्हीएचएस कॅसेटी आता तीस-पस्तीस वर्षांच्या झाल्या आहेत. ज्या निकालासाठी त्या भरल्या गेल्या तो आज मोबाइलवर क्षणात सापडतो. तरीही त्या पुन्हा लावून पाहिल्या जातात आणि त्याला कारण आहे. या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, त्यामुळे तो माहीत झाल्याने पाहण्यासारखे काही संपत नाही. खरे कसब तर निकाल बाजूला ठेवल्यावरच दिसू लागते.

भारतात ही कुस्ती कॅसेटच्या कितीतरी आधी आली. १९५० आणि ६०च्या दशकांत मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांना गर्दी लोटत असे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, त्यामुळे या लढती घरबसल्या पाहण्याची सोयच नव्हती. दारासिंग पडद्यावर दिसले ते चित्रपटांतून. १९६२च्या ‘किंगकाँग’ या चित्रपटाचे नायक तेच होते.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धत १९७६ मध्ये बाजारात आणली. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हिडिओही पसरला. खानदेशातल्या भडगावसारख्या तालुक्याच्या गावी मात्र व्हिडिओ म्हणजे आधी भाड्याची वस्तू होती. रंगीत टीव्ही, यंत्र आणि तीन पिक्चरच्या कॅसेटी एका रात्रीपुरत्या आणायच्या, वर्गणी काढायची आणि उजाडेपर्यंत पाहायचे, असा तो प्रकार. भाड्याने मिळणारे यंत्र बहुधा व्हीसीपी असे, म्हणजे फक्त कॅसेट दाखवणारे. त्यावर काही भरता येत नसे. त्यासाठी व्हीसीआर लागे आणि तो महाग होता. म्हणून घरी भरलेली कॅसेट ही पहिल्यापासून थोड्या घरांची गोष्ट राहिली. गिरणा नदीच्या त्याच खोऱ्यात वरच्या अंगाला असलेल्या मालेगावात व्हिडिओ पार्लरची मोठी चलती होती. तिथे पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पुढे व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला आणि दोन व्हीसीआर जोडून त्याचे संकलन केले. एका यंत्रावर लावायचे आणि दुसऱ्यावर भरायचे, हेच तंत्र कुस्तीची कॅसेट उतरवून घेणारेही वापरत. प्रत्येक उतरवणीत चित्र थोडे आणखी पुसट होई.

१९९१ मध्ये उपग्रहावरून स्टार टीव्ही सुरू झाला. गावोगावच्या केबलवाल्यांनी छत्र्या उभारल्या आणि अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीची कुस्ती घरात शिरली. हल्क होगन, ब्रेट हार्ट, योकोझुना, अंडरटेकर ही नावे शाळकरी पोरांच्या तोंडी बसली. पोरांच्या खिशात पत्त्यांसारखी कार्डे असत. त्यांवर पैलवानाची रँक, उंची, वजन, छाती, दंड छापलेले असे आणि ज्याचा आकडा मोठा त्याने कार्ड जिंकायचे. जपानी सुमो म्हणून मिरवणारा योकोझुना वजनात कोणालाही भारी पडे. प्रत्यक्षात तो सामोअन वंशाचा अमेरिकन होता. अंडरटेकरला सात जीव असतात, हे तर त्या काळी जवळपास सर्वमान्य ज्ञान होते. १९९६च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या हिंदी चित्रपटात अक्षयकुमारशी झुंजणारा अंडरटेकर पाहून पोरे हरखली. तो मूळचा अंडरटेकर नव्हता. १९९४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनेच कथानकाची गरज म्हणून ज्याला ‘नकली अंडरटेकर’ बनवून उतरवले होते, तो ब्रायन ली हा पैलवान चित्रपटात होता.

खानदेशातल्या प्रेक्षकाची नजर मातीतल्या कुस्तीवर घडलेली. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड लागतो. लहान पोरांच्या किरकोळ इनामाच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची असते. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. भडगावला लागून असलेल्या चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. अशा मुलखात दोन पैलवानांनी आधी ठरवून केलेली नुरा कुस्ती म्हणजे पैलवानकीला बट्टा. लोक हुर्यो उडवतात, पंचांना जाब विचारतात. व्यावसायिक कुस्ती हा तर या नुरा कुस्तीचाच उघड धंदा. मग तो गोड का वाटतो? जत्रेत दिवसा कुस्त्या होतात आणि रात्री तमाशा. वगाचा शेवट ठाऊक असूनही माणसे कनातीत दाटीवाटीने बसतात, कारण पाहायचे असते ते सोंग कसे वठते ते. अमेरिकन रिंगमध्ये दिवसाचा फड आणि रात्रीचा फड एकाच वेळी भरलेला असतो.

हे गुपित धंद्याने कित्येक दशके जपले. नायक आणि खलनायक लोकांच्या नजरेस एका गाडीतून पडणार नाहीत, इतकी काळजी घेतली जाई. १९८९ मध्ये मात्र डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीच्या बाजूने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्पष्ट सांगण्यात आले की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. खेळ म्हटला की क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आले. ते टाळण्यासाठी ही कबुली होती. भारतात केबलवर ही कुस्ती दिसू लागली तोपर्यंत अमेरिकेत ती कागदोपत्री नाटक ठरून गेली होती. इथे ‘खरी की खोटी’ हा वाद त्यानंतरही कित्येक वर्षे पारावर रंगत राहिला.

कॅसेट थांबवून, मागे नेऊन पाहिली की या नाटकाचे सांधे दिसतात. ठोसा मारताना पैलवान पाय आपटतो. रिंगच्या पोलादी सांगाड्यावर फळ्या आणि त्यांवर पातळ गादी असते आणि खाली मायक्रोफोन लावलेले असतात, त्यामुळे पाय आपटल्याचा आवाज ठोशाचा म्हणून ऐकू येतो. दोराकडे भिरकावलेला पैलवान स्वतः धावत जाऊन परत येतो. त्याने मनावर घेतले नाही तर त्याला कोणी भिरकावू शकत नाही. डोक्याला मिठी मारून दोघे निपचित पडले की त्यांचे पुढच्या डावांबद्दल कुजबुजणे चाललेले असते. हात दाबून खुणा होतात, पंच ‘इतकी मिनिटे उरली’ असा निरोप पोचवतो. पंचाने दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले तर दुखापत खरी आहे असे समजायचे. पहिल्यांदा पाहताना यातले काहीच ध्यानात येत नाही, कारण डोळे जिंकणाऱ्यावर असतात. दुसऱ्यांदा ते हरणाऱ्याकडे वळतात. समोरच्याचा डाव मोठा दिसावा म्हणून नेमक्या क्षणी उडी घेणारा, मार झेलणारा आणि कळवळणारा हरणाराच बहुतेक वेळा अधिक तयारीचा असतो.

ठरलेले बिनसले तर काय होते, हे ९ नोव्हेंबर १९९७च्या माँट्रियलमधील लढतीत पाहायला मिळते. विजेता ब्रेट हार्ट कंपनी सोडून प्रतिस्पर्धी संस्थेत जाणार होता आणि आपल्या कॅनडात किताब हरायला तो राजी नव्हता. शेवटी गोंधळ होऊन लढत अनिर्णित राहील, असे त्याच्याशी ठरले होते. शॉन मायकल्स त्याला हार्टच्याच प्रसिद्ध पायपेचात अडकवतो. हार्ट पालथा आहे, तो हात मागे नेऊन मायकल्सचा पाय धरतो, म्हणजे ठरल्याप्रमाणे पेच उलटवायला निघतो. त्याच वेळी पंच अर्ल हेबनर घंटा वाजवायची खूण करतो. हार्टने शरणागती दिलेलीच नाही. रिंगलगत कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहन उभा आहे आणि घंटा वाजवा म्हणून ओरडतो आहे. पंच रिंगबाहेर उडी टाकून पळतो. हार्ट उठून कडेला येतो आणि मालकावर थुंकतो. मायकल्सचा चेहरा संतापल्यासारखा दिसतो, पण आपल्याला हे सगळे आधी ठाऊक होते असे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. हे अर्धे मिनिट सावकाश पाहिले की लबाडीच्या आत घडलेली खरी लबाडी दिसते. इतकी वर्षे तो मॅकमॅहन टीव्हीवर साधा समालोचक म्हणून वावरत होता, हे आठवले की ती आणखी तिखट लागते.

काही गोष्टी पुन्हा पाहताना जड जातात. निकाल ठरलेला असला तरी आपटणे खरे होते, आणि त्यावर वेदनाशामके, उत्तेजके, अखंड प्रवास यांची भर पडत होती. ओवेन हार्ट १९९९ मध्ये छतावरून दोराने उतरताना पडून गेला, वय ३४. योकोझुना २००० मध्ये, तोही ३४ वर्षांचा. ब्रिटिश बुलडॉग २००२ मध्ये ३९व्या वर्षी, एडी गरेरो २००५ मध्ये ३८व्या वर्षी. नव्वदच्या दशकातली कोणतीही कॅसेट लावली तरी त्यात तिशी-चाळिशीत गेलेला एखादा चेहरा भेटतोच.

जुने कार्यक्रम आता कंपनीकडूनच अधिकृतपणे मिळतात, मग घरच्या कॅसेटीचे मोल काय? वन्यजीव संरक्षण करणाऱ्या वर्ल्ड वाइड फंडाशी आद्याक्षरांवरून चाललेला खटला ब्रिटनमध्ये हरल्यावर मे २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचे डब्ल्यूडब्ल्यूई झाले. त्यानंतर २०१२ मध्ये समझोता होईपर्यंत कंपनीला जुन्या चित्रणातले नव्वदच्या अखेरचे ते ओरखड्यांचे बोधचिन्ह धूसर करावे लागले आणि समालोचकांच्या तोंडचे आद्याक्षरही कापावे लागले. काही ठिकाणी हक्कांच्या अडचणीमुळे पैलवानांच्या आगमनाचे संगीत बदलले गेले. घरी भरलेल्या कॅसेटीवर हे सगळे जसेच्या तसे आहे. वर मधल्या जाहिराती, पुढच्या कार्यक्रमांच्या घोषणा आणि केबलवाल्याने मध्येच चॅनेल बदलल्यावर आलेल्या मुंग्याही आहेत. वीज गेली की भरणे तिथेच तुटे, म्हणून शेवट नसलेल्या कुस्त्याही सापडतात. कोणी रागाच्या भरात, कोणी नकळत, लग्नाच्या कॅसेटवर कुस्ती भरली. कॅसेटीच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तोडली की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही, पण त्या खाचेवर सेलोटेप चिकटवली की यंत्र फसते. ही युक्ती पोरांना लवकर कळली आणि अनेक मंगलाष्टकांचा शेवट घंटेच्या टोल्याने झाला.

कॅसेटीतली फीत अर्धा इंच रुंद असते. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटीत ती अडीचशे मीटरहून थोडी जास्त भरते. आपल्या पाल पद्धतीत यंत्रातला हेडचा ढोल मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि फितीवर तिरक्या रेषांत चित्र वाचतो. ‘पॉझ’ केल्यावर फीत थांबते, ढोल थांबत नाही, म्हणून तो एकाच जागी घासत राहतो. काही मिनिटांनी यंत्र स्वतःहून बंद पडते ते याच कारणाने. ज्या कुस्तीचा शेवट घरात सर्वांत जास्त वेळा मागे-पुढे केला गेला, तिथेच पांढऱ्या रेघा दाट असतात. फितीवरून आधीच्या मालकाची आवड ओळखता येते.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते. ती इथल्या साध्या यंत्रावर नीट दिसत नाही, मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो. असे यंत्र आता जुन्या बाजारातच शोधावे लागते, कारण शेवटची निर्माती जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ मध्ये उत्पादन बंद केले.

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटीचे कवच वाकते, फीत आकसते. पावसाळी दमटपणात रिळाच्या कडेला पांढरी बुरशी येते. खिडकीतून ती दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये. हेड तर खराब होतेच, पुढच्या कॅसेटींनाही ती लागते. बाकीच्या कॅसेटी आधी एकदा टोकापर्यंत पुढे-मागे फिरवाव्यात, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, ‘ट्रॅकिंग’ची कळ फिरवून चित्र स्थिर करावे आणि मगच कॅप्चर उपकरणातून संगणकावर उतरवावे. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. खासगी पाहण्यासाठी प्रत जपणे आणि ती विकणे किंवा जाहीर दाखवणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. संगणकात उतरल्यावरही कॅसेट टाकून न देता उभी, थंड आणि कोरड्या जागी ठेवतात, कारण पुढे चांगले यंत्र हाती आले तर तीच मूळ प्रत पुन्हा उतरवता येते.