ग्रहणाच्या वाटेवरची गावे : जेऊर ते न्हावरे

शनिवार, २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्येची भर दुपार. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, करमाळा तालुक्यातल्या जेऊर या लहानशा स्थानकाजवळच्या माळावर तंबू पडलेले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथ यांच्यासह काही आठवडे आधीच येऊन राहिले होते. त्यांच्यासोबत चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन आले होते. एवढा सगळा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांसाठी होता. त्या दोन मिनिटांत चंद्र सूर्याला पूर्ण झाकणार होता.

दिवस सोपे नव्हते. मुंबईत १८९६ साली शिरलेल्या प्लेगने पुणे गाठले होते. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूरचा मुलूख पोळून निघाला होता. अशा काळात परदेशी पाहुणे, त्यांच्या पेट्या, दुर्बिणींसाठी लागणारे पक्के चौथरे, मजूर, पाणी आणि राहण्याची सोय हे सारे एका आडवळणाच्या गावाच्या अंगणात येऊन पडले. सुदैवाने आभाळ निरभ्र राहिले आणि निरीक्षणे साधली. नायगमवाला यांनी जेऊरच्या निरीक्षणांचा स्वतंत्र अहवाल पुढे प्रसिद्ध केला. भारतीय शास्त्रज्ञाने आपल्याच भूमीवर, आपल्या वेधशाळेच्या बळावर केलेले हे काम पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितले जावे, इतके ते मोलाचे आहे. त्यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिली होती. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती.

जेऊरच का, न्हावरे का नाही?

त्या दिवशी चंद्राची गडद सावली कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली. ईशान्येकडे सरकत तिने जेऊर गाठले, वऱ्हाडातले तळणी आणि वर्ध्याकडचे पुलगाव ओलांडले आणि ती बिहारमधल्या बक्सरपर्यंत व त्याही पुढे गेली. विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. तळणीला खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडलातल्या लांबच लांब किरणशलाकेचे छायाचित्र टिपले. सावलीच्या या वाटेची रुंदी शंभर किलोमीटरच्या आसपास होती आणि सावली तासाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने धावत होती.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-चौफुला रस्त्यावरचे आपले न्हावरे या पट्ट्याच्या बाहेर, वायव्येला राहिले. फार लांब नव्हे. पट्ट्याची कड तिथून काही तासांच्या बैलगाडीच्या वाटेवर होती. न्हावऱ्यातही सूर्याची बारीक कोर तेवढी उरली असणार आणि ऊन विचित्र मलूल झाले असणार. पण खग्रास ग्रहण तिथे घडले नाही. ‘जवळजवळ सगळा सूर्य झाकला, मग आणखी काय हवे?’ असे कुणालाही वाटेल. गर्दी एका विशिष्ट गावातच का लोटते, याचे उत्तर याच प्रश्नात आहे.

सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पटींनी तेजस्वी आहे. समजा ग्रहणात ९८ टक्के सूर्य झाकला गेला. उरलेल्या दोन टक्क्यांतही आठ हजार पौर्णिमांचा उजेड असतो. सूर्याभोवतीचे प्रभामंडल मात्र फार तर पौर्णिमेच्या चंद्राइतके उजळ. आठ हजारांपुढे ते एक कसे दिसणार? सूर्याचा शेवटचा कणही झाकला गेला, तरच ते प्रकट होते. दिवसा ग्रह-तारे दिसू लागतात, पाखरे घरट्यांकडे वळतात, हवेत गारवा येतो. म्हणून खग्रास आणि ‘जवळजवळ खग्रास’ यांत दोन टक्क्यांचा नव्हे, तर रात्र आणि दिवसाचा फरक असतो.

हा योग दुर्मीळ असण्यामागे साधी भूमिती आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे चारशे पट आहे आणि सूर्य आपल्यापासून चंद्राच्या सुमारे चारशे पट दूर आहे. त्यामुळे आकाशात दोघे जवळपास सारखे दिसतात आणि चंद्राच्या गडद सावलीचे टोक पृथ्वीला जेमतेम टेकते. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावास्येला ही सावली पृथ्वीवर पडत नाही. एखाद्या ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येते.

दोन मिनिटांतून काय हाती लागले?

जगभरची माणसे जेऊरपर्यंत आली ती हौसेपोटी नव्हे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाने त्यांना वाट दाखवली होती. त्या वेळी सावली विजापूर, जमखंडी, गुंटूर अशा ठिकाणांवरून गेली. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट तपासताना एक पिवळी रेषा दिसली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तेच पुढे हेलियम ठरले. पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडलेले हे मूलद्रव्य. विजयदुर्गावर आजही १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते लॉकियर १८६८ साली इंग्लंडमध्ये होते आणि विजयदुर्गावर ते आले १८९८ साली, एवढा तपशील मात्र गावकऱ्यांनी व पर्यटकांनी लक्षात ठेवावा. त्याने किल्ल्याचा मान तसूभरही कमी होत नाही.

प्रभामंडलाचे कोडे तर अजून सुटायचे आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या घरात, आणि त्याच्या वरचे विरळ प्रभामंडल दहा ते वीस लाख अंशांचे. उगमापासून दूर जाताना तापमान वाढते कसे, याचा शोध आज आपले आदित्य-एल१ यान घेत आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेले हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यातले एक उपकरण सूर्याचे बिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडवते. ‘सूट’ ही त्यावरची दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने तयार केली. जेऊरच्या माळावर सुरू झालेले काम पुणे जिल्ह्यातूनच पुढे चालले आहे.

पालखीची गर्दी आणि ग्रहणाची गर्दी

गर्दी कशी सांभाळावी, हे दौंड-शिरूरच्या माणसांना कुणी शिकवायला नको. तुकोबांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यात यवत, वरवंडला मुक्कामी असते. यवतच्या पिठलं-भाकरीची वारकरी वर्षभर वाट पाहतात. पिण्याच्या पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, दवाखान्याची गाडी, शाळेच्या खोल्यांत निवारा, घरटी भाकऱ्या हा सारा हिशेब इथल्या गावांना तोंडपाठ आहे. हंगामात साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांतून वाट काढायचाही सराव आहे.

तरी ग्रहणाची गर्दी निराळी असते. पालखी दिवसभर रस्त्यावर असते आणि तिची वाट ठरलेली असते. ग्रहण पाहणारे आपापल्या गाड्या घेऊन दहा दिशांनी येतात. सगळ्यांना एकाच मिनिटाला जागेवर असायचे असते आणि ते मिनिट सरले की सगळे एकाच वेळी परत निघतात. ऐनवेळी ढग आले, तर मोकळ्या आभाळाच्या शोधात हीच गर्दी गाड्या काढून शेजारच्या गावाकडे धावते. अमेरिकेत २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणानंतर लहान गावांचे रस्ते तासन्‌तास तुंबले. त्या ग्रहणाच्या आगेमागे तीन दिवसांत जीवघेणे रस्ते अपघात नेहमीपेक्षा ३१ टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांनी नंतर दाखवून दिले. ग्रहणातला सर्वांत मोठा धोका आकाशात नसून रस्त्यावर असतो, हे यातून शिकायचे.

आपल्याकडचे उदाहरण बिहारमधल्या तारेगनाचे. आर्यभटाशी नाते सांगणारे हे पाटण्याजवळचे गाव २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणासाठी देशभर गाजले. शास्त्रज्ञ, हौशी निरीक्षक आणि खुद्द मुख्यमंत्री नितीश कुमार तिथे पोहोचले. हजारो माणसे जमली आणि आभाळ ढगांनी भरून राहिले. अंधार झाला, पण सूर्य दिसला नाही. पावसाळ्यातल्या ग्रहणासाठी तयारी करणाऱ्या प्रत्येक गावाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. आभाळ आपल्या हाती नाही. आलेल्या माणसाला जाताना काहीतरी कळलेले असावे, एवढे मात्र आपल्या हाती असते.

२ ऑगस्ट २०२७ : न्हावऱ्याची पाळी

सोमवार, २ ऑगस्ट २०२७, आषाढ अमावास्या. त्या दिवशी इजिप्तमधल्या लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास ग्रहण दिसेल. जगभरची गर्दी तिकडे जाईल. आपल्या भागातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. न्हावऱ्यात परगावची गर्दी येणार नाही. पण वार शाळेचा आहे. न्हावरे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची शेकडो मुले त्या वेळी शाळेत असतील. हीच आपली गर्दी, आणि तिच्यासाठी तयारी आजपासून करायला हवी.

पहिली काळजी डोळ्यांची. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजत असताना मुलाला काहीच जाणवत नाही आणि काही तासांनी मधोमध काळा डाग दिसू लागतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, कॅमेऱ्याची निगेटिव्ह, नेहमीचा गॉगल यांपैकी काहीही चालणार नाही. वेल्डिंगची १४ नंबरची काच चालते, पण गॅस वेल्डिंगचा फिका चष्मा चालत नाही. परातीतल्या पाण्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची जुनी रीतही सोडावी. पाण्यावरून शेकडा दोन-चार भागच प्रकाश परततो हे खरे, पण सूर्याचे दोन टक्के म्हणजे किती पौर्णिमा, तो हिशेब वर आलाच आहे. ग्रहणचष्मे घेतले तर ते आयएसओ १२३१२-२ मानकाचे आणि खात्रीच्या ठिकाणचेच असावेत.

सर्वांत चांगला उपाय जवळपास फुकट आहे. लहान आरशावर कागद चिकटवा आणि कागदाला वाटाण्याएवढे भोक ठेवा. अंगणात आरसा धरून सूर्याचा कवडसा वर्गाच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भिंत दहा मीटरवर असेल तर सूर्याचे सुमारे नऊ सेंटिमीटरचे बिंब दिसेल, वीस मीटरवर त्याच्या दुप्पट. चंद्राने घेतलेला चावा साठ मुले एकाच वेळी, सूर्याकडे न बघता पाहतील. कवडसा मात्र कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नये. पिठाची चाळण किंवा झारा उन्हात धरला, तर जमिनीवर प्रत्येक भोकाचे एक एक चावलेले बिंब उमटेल. लिंबाच्या झाडाखालीही अशीच असंख्य बिंबे सांडलेली दिसतील.

दुसरी काळजी भीतीची. ग्रहणात सूर्यातून कोणताही नवा किरण निघत नाही. नेहमीचाच प्रकाश काही काळ अडतो, एवढेच. शिजवलेले अन्न त्याने बिघडत नाही आणि पोटातल्या बाळाला काही होत नाही. गर्भवतीला तासन्‌तास उपाशी, तहानलेली, एका जागी बसवून ठेवले, तर अपाय होतो तो त्याने. ग्रहणात परातीत मुसळ उभे राहते, हे खरे आहे. सपाट बुडाचे मुसळ तोल साधला की कुठल्याही दिवशी उभे राहते, हेही तितकेच खरे आहे. घरच्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा एखाद्या साध्या बुधवारी आजीसमोरच मुसळ उभे करून दाखवावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हेच काम केले. डोळ्यांनी पाहिलेले माणूस विसरत नाही.

तिसरी गोष्ट ढगांची. न्हावरे पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. कोकणापेक्षा इथे आभाळ मोकळे मिळण्याची आशा अधिक, तरी ऑगस्टचा भरवसा नाही. म्हणून त्या दिवशी नायगमवालांची गोष्ट, हेलियमची गोष्ट, चेंडू आणि दिव्याने सावली पाडून दाखवण्याचा प्रयोग हे सगळे हाताशी असावे. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुका आहे, मराठी विज्ञान परिषद आहे. मुख्याध्यापकांनी त्यांना आतापासून पत्र लिहावे. तालमीसाठी ग्रहणाची वाट पाहण्याची गरज नाही. आरशाचा कवडसा आज दुपारीही पाडता येतो आणि नशीब असेल तर त्यात सूर्यावरचे मोठे डागही दिसतात.

भारतातून पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ ला लडाखमधून दिसेल. २०२७ साली भिंतीवर चावलेला सूर्य पाहणारी सातवी-आठवीतली मुले तोवर विशीच्या आसपास पोहोचलेली असतील. त्यांच्यातले काही जण लडाखला जातील, आणि तिथल्या गावांत कसे वागावे, काय पाहावे, कशाला भ्यायचे नाही, हे त्यांना ठाऊक असेल. न्हावरे ग्रामपंचायतीने, शाळांनी आणि पालकांनी २ ऑगस्ट २०२७ ची तारीख आताच दिनदर्शिकेत नोंदवावी. त्या सोमवारी एकही मूल खिडक्या लावून घरात बसलेले नसावे, आणि एकाही मुलाने उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये.